एका स्वल्पविरामाची किंमत पन्नास लाख डॉलर!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहाराचा वर्धापन दिन होता. वर्गणी जमली, मंडपाचे सामान आले, खिचडीचे तांदूळ आले आणि आदल्या रात्री दहा वाजता पेंटर कापडी फलक घेऊन आला. निळ्या कापडावर पांढरी शुभ्र, टपोरी अक्षरे. फलक दोऱ्यांनी बांधून झाला आणि सगळे जण लांब उभे राहून कौतुकाने बघू लागले. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, हे चुकलंय. तुम्ही वर्धापन 'दीन' लिहिलंय."

"मग काय झालं, बाळ? दिन काय न् दीन काय, वाचायला सारखंच."

"सारखं कसं? दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे गरीब, लाचार."

पेंटर क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मला जेवढे पैसे दिलेत ना, त्या हिशेबानं दीनच बरोबर आहे!"

मंडळी पोट धरून हसली. पण लाचारीचा फलक विहारावर कोण लावू देणार? रात्री अकरा वाजता शिडी आली, उजवीकडची वेलांटी निळ्या रंगाने बुजवली गेली आणि डावीकडे नवी काढली गेली. 'दि' आणि 'न' यांच्या मधला तो निळा डाग कार्यक्रम संपेपर्यंत आम्हाला दिसत होता. तेव्हापासून आम्हाला ही खोडच लागली. वेलांट्या, काने, टिंबे, स्वल्पविराम दिसले की थांबून बघायचे. त्या नादातून गोळा झालेला हा फराळ आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

वेलांटीचेच घ्या. 'पीक' म्हणजे शेतातले पीक, पण 'पिक' म्हणजे कोकीळ. म्हणजे 'यंदा पिक चांगले आले' असे कोणी लिहिले तर शेतकऱ्याच्या घरात कोकिळांचा थवा शिरला असे समजावे. 'सूत' म्हणजे धागा आणि 'सुत' म्हणजे मुलगा. 'मिलन' म्हणजे भेट आणि 'मीलन' म्हणजे मिटणे, डोळे मिटणेसुद्धा. तेव्हा लग्नपत्रिका छापताना जरा जपून! 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. दवाखान्यात तोंडी सांगताना फरक पडत नाही, कारण बोलताना आपण दोन्ही सारखेच बोलतो. चिठ्ठीवर मात्र दुखणे डोक्यातून पायात जाऊ शकते.

उलटे वाचा, सुलटे वाचा

घरात मुले कंटाळली की आम्ही त्यांना उलट-सुलट शब्दांच्या खेळाला बसवतो. डावीकडून वाचा की उजवीकडून, शब्द तोच. कडक, सरस, जहाज, समास, वाचवा, नवजीवन. घरातली माणसेसुद्धा यात बसतात. काका, मामा, दादा, बाबा, नाना सगळे उलटे केले तरी तेच. 'आई' मात्र उलटी होत नाही. आईला कोण उलटवणार!

शब्दांनंतर वाक्ये. 'चिमा काय कामाची', 'रामाला भाला मारा', 'ती होडी जाडी होती' ही तर पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालत आलेली. 'तो कवी डालडा विकतो' हे आमचे सर्वांत आवडते, कारण ते ऐकून प्रत्येक कवी थोडासा दुखावतो. कोणी चोखंदळ वाचक म्हणेल, 'चिमा'ची चि ऱ्हस्व आणि 'कामाची'ची ची दीर्घ, मग हे सारखे कसे? मान्य. पण या खेळात ऱ्हस्व-दीर्घाला सूट आहे, असे आमच्या घरातल्या पंचांनी कधीच ठरवून टाकले आहे.

यात एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्रजीत हा खेळ एकेका सुट्या वर्णाने चालतो, आपल्याकडे पूर्ण अक्षराने. 'का' हे आपले एक अक्षर, इंग्रजीत त्याचे दोन वर्ण. त्यामुळे 'मॅडम' हा शब्द इंग्रजीत उलटा-सुलटा सारखा असतो, पण देवनागरीत लिहिला की मॅडम उलट्या होऊन 'मडमॅ' होतात. 'नितीन' हे नाव इंग्रजीत लिहिले तर दोन्हीकडून सारखे, मराठीत नाही. दोन्ही लिप्यांत टिकणारे थोडे. कनक, नयन, सरस ही त्यातली. आणि एका भाषेचे अख्खे नाव या परीक्षेत दोन्हीकडे पास होते. मलयालम! इंग्रजीत लिहून उलटे वाचून बघा.

मीना कबूल की मी नाकबूल?

दुसरा खेळ तोडण्याचा. शब्दांमध्ये जागा न सोडता सगळी अक्षरे सलग लिहायची आणि समोरच्याला वाचायला द्यायची. 'तूपसार' एवढेच लिहून दिले तर कोणी वाचेल 'तू पसार', आणि स्वयंपाकघरातून कोणी वाचेल 'तूप, सार'. आमच्या घरी या खेळात बाजी मारली ती 'मीनाकबूल' या चिठ्ठीने. मुलगी पाहून आलेल्या मुलाने घरच्यांना एवढीच पाच अक्षरे लिहून पाठवली, असे समजा. घरच्यांनी काय वाचावे? 'मीना कबूल' म्हणून पेढे वाटावेत, की 'मी नाकबूल' म्हणून तोंड लपवावे?

आपल्याला हा खेळ वाटतो, पण जुन्या काळी लिहिणे असेच होते. आपल्या डोंगरांतल्या लेण्यांचे शिलालेख पाहा. ब्राह्मी अक्षरे एकामागून एक कोरलेली, बहुतेक ठिकाणी शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम तर नाहीच. ही लिपी लोक इतके विसरून गेले होते की शेकडो वर्षे ती कोणाला वाचताच येत नव्हती. ती वाचली कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने. साल होते १८३७. कशी वाचली, ते ऐकण्यासारखे आहे.

सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यावर लहान लहान लेख कोरलेले आहेत. त्यांचे ठसे प्रिन्सेपपुढे आले. लेख निरनिराळे, पण बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी, आणि शेवटच्या अक्षराजवळ एक टिंब. प्रिन्सेपने विचार केला, स्तूपाच्या कठड्यावर लोक वारंवार काय लिहितील? कोणी खांब दिला, कोणी दगड दिला, तर 'अमक्याचे दान' असेच लिहितील. मग शेवटची दोन अक्षरे 'दानं' असली पाहिजेत! आणि त्याच्या आधी वारंवार येणारे अक्षर म्हणजे 'अमक्याचे' दाखवणारा 'स'. एका टिंबाने कुलूप उघडले. द, न, स सापडले आणि पुढे सम्राट अशोकाचे शिलालेख बोलू लागले.

त्या दानलेखांत राजे थोडे आणि साधी माणसे पुष्कळ. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, लेण्याचे मुख आपण केले असे त्याने कोरून ठेवले आहे. सुताराला तिथे शब्द आहे 'वढकी'. हिंदीतला आजचा 'बढई' त्याच घराण्यातला. कार्ल्याला जाल तेव्हा शिल्पांबरोबर सामी सुतारालाही शोधा.

टिंबाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आमच्या आजोबांच्या वेळची मराठी पुस्तके उघडली की पानावर मोहरी सांडल्यासारखी टिंबे दिसतात. नांव, गांव, पांच, कांहीं. बोलताना ज्यांचा उच्चार कोणी करत नाही असे हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले. शाळेतल्या मुलांचे मार्क वाचले! एक तोटा मात्र झाला. पूर्वी 'नांव' म्हणजे माणसाचे आणि 'नाव' म्हणजे पाण्यातली. आता दोन्ही एकच. नुसता 'नाव' एवढाच शब्द वाचला की विचारावे लागते, कोणते?

पेशव्यांच्या काळात कागदपत्रे मोडी लिपीत लिहीत. आधी कागदावर आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली लेखणी न उचलता अक्षरे ओढत न्यायची. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पर्वा नाही, विरामचिन्हे नाहीत. त्याच काळातून 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आला. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या हुकुमात 'धरावे' असे होते, आनंदीबाईने त्याचे 'मारावे' केले, अशी ही दंतकथा. प्रत्यक्षात रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाचा दोष रघुनाथरावावर ठेवला. पण म्हणीत अडकली ती बाई! पुरुषाचा गुन्हा आणि बाईचे नाव, हेही एक अक्षर बदलण्यासारखेच झाले.

मग मराठीत ही स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्हे आणली कोणी? मेजर थॉमस कँडी नावाच्या इंग्रजाने. मोल्सवर्थच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातला हा माणूस. १८५० साली त्याने 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचे छोटे पुस्तक काढले. त्याआधी आपल्याकडे मुख्यतः दंडावर भागत असे, एक उभी रेघ किंवा दोन. म्हणजे मराठी बायाबापड्या शेकडो वर्षे प्रश्न विचारत होत्या, पण प्रश्नचिन्ह यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

आजीला कोणी खाल्ले?

इंग्रजीत मुलांना स्वल्पविराम शिकवताना एक विनोद सांगतात. 'चला जेवू या, आजी' यातला स्वल्पविराम काढला की इंग्रजीत अर्थ होतो, चला, आजीलाच खाऊ या! हा विनोद मराठीत करून बघा, होतच नाही. आजीला खायचे तर आपल्याला 'आजीला' म्हणावे लागते. 'ला' नाही तर आजी सुखरूप. हिंदीतल्या 'रोको मत जाने दो' या वाक्याचेही तसेच. स्वल्पविराम 'रोको'नंतर दिला तर माणूस अडकला, 'मत'नंतर दिला तर सुटला. मराठीत 'थांबवा' वेगळे आणि 'थांबवू नका' वेगळे, क्रियापदच रूप बदलते. म्हणजे कँडीसाहेब येण्याआधीही आपली विभक्ती आणि क्रियापदे स्वल्पविरामाचे काम थोडेफार करतच होती.

थोडेफारच हं! 'आई बाबा आले' यात 'आई'नंतर स्वल्पविराम दिला की आई घरात असते आणि बाबा कामावरून आलेले असतात. आणि आता हे वाक्य बघा : मुकादम म्हणाला कामगार आळशी आहे. असे लिहिले तर बिचारा कामगार आळशी. आता दोन स्वल्पविराम घाला : मुकादम, म्हणाला कामगार, आळशी आहे. झाले उलटे! शब्द एकही बदलला नाही.

लॅटिन भाषेतली अशीच एक गोष्ट मात्र हसण्याची नाही. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड १३२७ साली कैदेत होता. कैद करणाऱ्यांना एक पत्र आले म्हणतात. त्यात एका ठिकाणी थांबले तर अर्थ होई, 'एडवर्डला मारू नका, भिणे चांगले', आणि दुसऱ्या ठिकाणी थांबले तर 'एडवर्डला मारायला भिऊ नका, ते चांगलेच आहे'. पत्रात विराम दिलेलाच नव्हता. राजा तर मेला, आणि लिहिणारा दोन्हीकडून मोकळा. ही गोष्ट बहुधा नंतर रचलेली असावी, कारण हे पत्र ज्या बिशपच्या नावावर घालतात तो त्या वेळी इंग्लंडमध्ये नव्हताच.

आता मथळ्यातल्या पन्नास लाख डॉलरची गोष्ट. ही अगदी खरी आहे आणि आपल्यासारख्या ओव्हरटाइमवर डोळा असणाऱ्यांची आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरी नावाची दुधाची कंपनी. तिच्या गाड्या चालवणाऱ्या चालकांनी २०१४ साली दावा लावला, की आठवड्याला चाळीस तासांवर काम केले तर आम्हाला दीडपट दराने ओव्हरटाइम मिळाला पाहिजे. कंपनी म्हणाली, कायद्यात ओव्हरटाइममधून काही कामे वगळली आहेत, त्यात तुमचे काम येते. कायद्यात नाशवंत मालाच्या कामांची यादी होती. डबाबंद करणे, गोठवणे, वाळवणे, साठवणे असे करत करत शेवट होता, 'पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण'. पण इंग्रजीत त्या 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता!

चालकांच्या वकिलांनी तेवढेच पकडले. स्वल्पविराम असता तर बांधणी हे एक काम आणि वितरण हे वेगळे काम झाले असते. तो नाही, म्हणजे वगळलेले काम एकच, ते म्हणजे बांधणी, मग ती पाठवणीसाठी असो की वितरणासाठी. आणि आमचे चालक तर खोकी बांधत नाहीत, ते गाडी चालवतात! २०१७ साली अपील न्यायालयाने मान्य केले की कायद्याचा अर्थ दोन्हीकडे लागतो, आणि ओव्हरटाइमचा कायदा कामगारांच्या संरक्षणासाठी आहे म्हणून शंकेचा फायदा कामगारांना. पुढच्या वर्षी कंपनीने पन्नास लाख डॉलर देऊन तडजोड केली. आणि मेनच्या विधिमंडळाने काय केले? घाईघाईने त्या यादीतले सगळे स्वल्पविराम काढून अर्धविराम घातले.

आमच्या परिचयातल्या एका जुन्या गिरणी कामगाराला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आमच्या वेळी वकिलानं एवढं वाचलं असतं तर!"

स्वल्पविरामाची दुसरी गोष्ट आपल्याच राज्यातली आहे, आणि ती सांगताना हसू येत नाही. अनुसूचित जमातींची यादी म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नावांची यादी. महाराष्ट्राच्या यादीत गोंड जमातीच्या नोंदीत 'गोंड गोवारी' असे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, मध्ये स्वल्पविराम नाही. गुरे राखणारा विदर्भातला गोवारी समाज म्हणत आला की ते आम्हीच. सरकार म्हणत आले की 'गोंड गोवारी' हे गोंडांमधल्या एका पोटजमातीचे नाव, तुम्ही वेगळे. मध्ये स्वल्पविराम असता तर 'गोवारी' हे वेगळे नाव झाले असते आणि वादच उरला नसता. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला. पोलिसांच्या बंदोबस्तात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नागपुरात झिरो माइलजवळ त्या ११४ जणांचे स्मारक आहे.

कागदावरचे एवढेसे चिन्ह माणसाच्या मागे कसे लागते, हे आमच्या घरानेही पाहिले. आमच्या एका चुलतीचे नाव रमा. चुलते वारले तेव्हा त्यांच्या कामाचे काही पैसे मिळायचे होते. त्या कचेरीत वारसाच्या रकान्यात कोणीतरी 'रामा' लिहून ठेवले होते. एक काना जास्त!

खिडकीतले साहेब म्हणाले, "बाई, इथं वारस रामा आहे. रामा कोण? मुलगा का?"

"मीच ती."

"अहो, पण रामा हे पुरुषाचं नाव. कागदावर बायकोच्या जागी पुरुष कसा चालेल?"

चुलती म्हणाली, "साहेब, त्यांना तर तीस वर्षं चालला!"

खिडकीमागे हशा झाला, पण काना काही पुसला गेला नाही. स्टॅम्प पेपर आणा, प्रतिज्ञापत्र करा, रेशनकार्डाची नक्कल जोडा. टायपिस्टने प्रतिज्ञापत्रात 'रमा ऊर्फ रामा' असे टाइप केले, त्यावर दुसऱ्या साहेबाने शंका काढली, की 'ऊर्फ' म्हणजे बाईंनी नाव बदलले होते का? पाच खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला धुण्याभांड्याच्या कामावर खाडा.

त्या दिवसांत चुलती वस्तीतल्या प्रौढ शिक्षण वर्गाला जाऊ लागली होती. सहाव्या खेपेला दुरुस्त कागद समोर आला. साहेबांनी सहीसाठी पेन पुढे केले. चुलतीने पेन घेतले नाही. आधी कागद आपल्याकडे ओढला, नावाखाली बोट धरले आणि मोठ्याने वाचले, "र ला काही नाही. म ला काना. बरोबर. आता सांगा, सही कुठं करायची?"